नऊ व्होल्टांचे ऋण

ऋण हा शब्द उच्चारला की आमच्या वऱ्हाडातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे सावकाराची वही नाही तर सोसायटीचा सचिव उभा राहतो. त्यात त्याचे चुकत नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले, तेव्हा शून्याच्या वरच्या संख्येला त्याने ‘धन’ म्हटले आणि खालच्या संख्येला ‘ऋण’. ज्याच्या पेटीत काही शिल्लक आहे तो धन. ज्याच्या पेटीत काही नाहीच, उलट दुसऱ्याचे देणे आहे, तो ऋण. पुढे अठराव्या शतकात अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने विजेला अधिक-उणे लावले, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्यांना हीच जुनी नावे दिली.

पैशाचे ऋण मिळवायला फारशी हुशारी लागत नाही; ते न बोलावताही घरी येते. विजेचे ऋण मात्र तसे नाही. समजा, आपल्यापाशी नऊ व्होल्टांची एकच बॅटरी आहे. तिचे एक टोक शून्य धरले की दुसरे टोक नऊ व्होल्ट वर. शून्याच्या खाली काहीच नाही. आणि समोरचे यंत्र तर मागते उणे पाच, उणे सहा व्होल्ट. ते आणायचे कोठून?

हा प्रश्न दुरुस्तीच्या टेबलावरचा वाटेल. पण एका शेतकऱ्याची सहा एकर जमीन आणि बँकेचे कर्ज याच प्रश्नापाशी येऊन थांबलेले मी पाहिले आहे. म्हणूनच तो दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

उण्याची जुनी ओळख

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की मोझरीच्या पुढे तिवसा लागते. तेथे माझे दुरुस्तीचे दुकान आहे. आज दुकानात मोबाइलचे चार्जर, पंपाचे स्टार्टर आणि भजनी मंडळांचे अँप्लिफायर येतात. माझ्या लहानपणी मात्र खेड्यांतून बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्हचे रेडिओ असत. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले होते, पण गावोगाव वीज कोठे होती? तेव्हा नव्वद व्होल्टांची एक भली मोठी बॅटरी आणि व्हॉल्व्हचा तंतू तापवायला दीड व्होल्टांची दुसरी, अशा जोडीवर रेडिओ बोलत असे.

त्या व्हॉल्व्हला आणखी एक हट्ट असे. त्याच्या आतल्या जाळीला शून्याखाली काही व्होल्ट द्यावे लागत. नाही तर आवाज फाटे आणि बॅटरी लवकर बसे. अगदी जुन्या सेटांत यासाठी तिसरी लहानशी बॅटरी ठेवीत. पुढे कोणा शहाण्याने ती बॅटरीच काढून टाकली. सेटमधून परत फिरणारा सगळा प्रवाह त्याने एका रेझिस्टन्समधून जाऊ दिला. त्यावर दोन-चार व्होल्ट पडत, आणि तेवढ्याने बॅटरीचे ऋण टोक सेटच्या पत्र्यापेक्षा खाली जाई. पत्रा शून्य मानला की उणे व्होल्ट तयार! नव्वदातले चार तिकडे गेले, उरलेल्या शहाऐंशींवर रेडिओ गात राहिला. एकाच बॅटरीतून ऋण काढण्याची ही जुनी युक्ती.

घरच्या तारेच्या टेलिफोनचे तर आणखी नवल. एक्स्चेंजमध्ये बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडतात आणि तारेवर उणे अठ्ठेचाळीस व्होल्ट ठेवतात. असे केल्याने जमिनीतली तांब्याची तार ओलाव्याने कमी खाल्ली जाते. म्हणजे कित्येक वर्षे आपण कानाशी उणे व्होल्ट धरून ‘हॅलो, हॅलो’ करीत होतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

या दोन्ही गोष्टींत एकच मर्म आहे. शून्य ही विजेच्या मालकीची जागा नव्हे. ती आपण ठरवतो. गावाच्या पारावर उभे राहून विहिरीचे पाणी मोजले तर ते चाळीस फूट खाली. विहिरीच्या तळाशी उभे राहून मोजले तर पारच वर. पाणी मात्र आपल्या जागी असते.

लिंबाच्या रसापासून संत्र्याच्या मळ्यापर्यंत

आता त्या सहा एकरांकडे येतो. त्याआधी वाचकांना एका शब्दाची ओळख करून दिली पाहिजे. तो शब्द म्हणजे ‘सामू’. शेतीखात्याच्या कागदांत तो नेहमी असतो. इंग्रजी शिकलेली मुले त्यालाच पीएच म्हणतात. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ही मोजपट्टी घालून दिली. सात म्हणजे मधले. सातांच्या खाली आंबट, म्हणजे आम्ल. सातांच्या वर विम्ल, म्हणजे सोड्याच्या जातीचे.

सामू मोजण्यासाठी काचेच्या पातळ फुग्याची एक नळी असते. ती पाण्यात बुडवली की तिच्या दोन तारांत अगदी थोडा दाब निर्माण होतो. सामू एका आकड्याने बदलला की हा दाब सुमारे एकोणसाठ मिलिव्होल्टांनी बदलतो. पण तो दाब इतका नाजूक असतो, की साधे मीटर जोडताच कोसळतो. त्यासाठी मधे असा अँप्लिफायर लागतो, जो नळीकडून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फळबागायतदारांच्या प्रयोगशाळेला लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायचा होता. रसात टिकवणीसाठी घातलेल्या सल्फर डायऑक्साइडमुळे जुन्या रीती चालत नव्हत्या. तेथला रसायनज्ञ आपल्या जुन्या वर्गमित्राकडे, आर्नल्ड बेकमनकडे गेला. बेकमनने व्हॉल्व्हचा अँप्लिफायर जोडून यंत्र करून दिले, आणि पुढच्याच वर्षी तशी यंत्रे विकायला सुरुवात केली. लिंबू-संत्र्यांच्या व्यापारातून निघालेले हे यंत्र संत्र्यांच्या वऱ्हाडात पोचले, यात आश्चर्य ते काय?

आमच्या शेजारचा मुलगा कॉलेजात शिकतो. प्रदर्शनासाठी त्याने हे यंत्र स्वतः बनवले. काचेची नळी विकत आणली, लोखंडी पत्र्याची पेटी केली, आत आठ पायांची अँप्लिफायरची आयसी आणि नऊ व्होल्टांची एक बॅटरी. वर मीटरचा काटा, मधोमध ‘७’. लिंबाचा रस ठेवला की काटा दोन-अडीचवर जाई. ताक ठेवले की साडेचारच्या आसपास. सगळी आळी पाहायला आली होती.

त्याच सुमारास त्याचे मामाजी दर्यापूरकडून आले. दर्यापूर म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत मिळून चार लाख हेक्टरांहून अधिक जमीन या पट्ट्यात मोडते. काळी, खोल, दिसायला लोण्यासारखी. पण खालचे पाणी खारे. मामाजींनी नवी बोअर घेतली होती. वरूड-मोर्शीकडचे मळे पाहून त्यांच्याही मनात संत्रा भरला होता. एकरी शंभरावर कलमे लागतात, आणि पहिले चांगले पीक हाती यायला पाच वर्षे जातात. पाच वर्षे कर्जावर झाडे पोसायची. बाटलीत बोअरचे पाणी घेऊनच ते आले होते.

भाच्याने नळी बुडवली. काटा सातावर शांत उभा राहिला.

मामाजी बाटली घेऊन माझ्या दुकानात आले. म्हणाले, “भाऊ, पोराचं मशीन म्हणते पाणी सातावर हाये. सात म्हणजे चांगलंच ना? मंग मी बँकेत कागद टाकू का?”

“टाका, पण दोन दिवस थांबून टाका,” मी म्हटले. खारपाणपट्ट्यातले पाणी आणि बरोबर सात, हे माझ्या गळी उतरेना. मुलाला बोलावले आणि घरातून चमचाभर खायचा सोडा आणायला सांगितला. सोड्याच्या पाण्याचा सामू आठच्या वर असतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. नळी सोड्याच्या पाण्यात धरली. काटा पुन्हा सातावर! मग चुन्याची निवळी करून पाहिली. तरी सात!

“काका, हे काहून असं करते?” पोराचा चेहरा उतरला होता.

“बाप्पा, तुया मशीनले शून्याखालचं दिसतच नाही!”

अर्धे आंधळे यंत्र

घडले होते ते असे. नळीला सातावर शून्य मिलिव्होल्ट मिळतात. आम्ल पाण्यात धन दाब येतो, विम्ल पाण्यात ऋण. साडेआठ सामूच्या पाण्यात तो उणे एकोणनव्वद मिलिव्होल्टांच्या जवळ जातो. आयसीला मिळत होते शून्य आणि अधिक नऊ. कोणताही अँप्लिफायर आपल्याला मिळालेल्या दोन टोकांच्या बाहेर जाऊ शकत नाही. दोन काठांच्या आतच नदी वाहणार! उणे दाब आला की हा बिचारा शून्यावर येऊन थांबे, आणि शून्य म्हणजे काट्यावर सात.

म्हणजे यंत्र खोटे बोलत नव्हते. ते अर्धे आंधळे होते. आणि आंधळे होते ते नेमके त्या बाजूला, जिकडे वऱ्हाडच्या जमिनीचे दुखणे आहे. कॅलिफोर्नियातल्या लिंबांना ते पुरले असते. आमच्या काळ्या मातीला मात्र सातांच्या वरचेच पाहायचे असते. सामू फार चढला की मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. संत्र्याची पाने पिवळी पडतात आणि नुसत्या शिरा हिरव्या राहतात. पाण्यातल्या सोडियममुळे जमीन चोपण होते. पाऊस पडला की चिखल आणि उन्हात दगड.

शिडी आणि विहीर

उणे व्होल्ट मिळवण्याचे तीन मार्ग मी मुलापुढे मांडले.

पहिला सर्वांत सोपा. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडायच्या आणि मधल्या सांध्याला शून्य म्हणायचे. एक बाजू अधिक नऊ, दुसरी उणे नऊ. पण दोन्ही बॅटऱ्या सारख्या उतरत नाहीत, शिवाय पेटीत जागा एकाचीच होती.

दुसरा मार्ग बॅटरी एकच ठेवून शून्य वर सरकवण्याचा. दोन सारखे रेझिस्टन्स जोडून मधे साडेचार व्होल्टांचे नवे शून्य करायचे. पुष्कळ ठिकाणी हे उत्तम चालते. मात्र नुसत्या दोन रेझिस्टन्सांचे शून्य डळमळते. त्यातून प्रवाह ओढला की ते सरकते, आणि त्याला धरून ठेवायला आणखी एक अँप्लिफायर लागतो. येथे दुसरीही अडचण होती. नळीच्या तारेचे बाहेरचे कवच लोखंडी पेटीला आणि पेटी बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली. शून्य हलवायचे तर सगळी पेटीच वेगळी करावी लागली असती.

म्हणून तिसरा मार्ग घेतला, आणि तो सर्वांत गमतीचा आहे. मामाजी दुकानातल्या बाकावर बसले होते. त्यांनाही कळावे म्हणून मी शिडीची उपमा दिली.

नऊ हातांची शिडी जमिनीवर उभी करा. तिचे खालचे टोक जमिनीवर, म्हणजे शून्यावर. वरचे नऊ हात उंच. आता तीच शिडी उचला आणि विहिरीत अशी सोडा, की वरचे टोक काठाशी टेकेल. खालचे टोक कोठे गेले? जमिनीच्या नऊ हात खाली! शिडी तेवढीच, नवी काही आणली नाही. तिची लांबी कायम राहते, एवढ्यावरच हे सारे चालले आहे.

विजेतली ही शिडी म्हणजे कंडेन्सर. बॅटरीला जोडला की त्याच्या दोन पायांत नऊ व्होल्टांचे अंतर पडते, आणि बॅटरी काढली तरी ते अंतर काही काळ टिकते. आता त्याचा धन पाय शून्याला टेकवा. अंतर तर मोडत नाही. मग ऋण पाय आपोआप शून्याच्या नऊ व्होल्ट खाली जातो. तेथे तो आपला भार दुसऱ्या कंडेन्सरमध्ये रिता करतो आणि परत भरायला वर येतो. हे वर-खाली करणे सेकंदाला हजारो वेळा झाले पाहिजे. मग दुसऱ्या कंडेन्सरवर उणे दाब जवळजवळ स्थिर राहतो. रहाटाच्या बादल्या एकामागून एक ओतल्या की पाटाचे पाणी सलग वाहते, तसेच.

हे वर-खाली कोण करणार? बाजारात ५५५ नावाची आयसी अगदी स्वस्तात मिळते. ती आपला एक पाय सारखा वर-खाली करते. तिच्या पुढे एक कंडेन्सर, मग दोन डायोड आणि शेवटी दुसरा कंडेन्सर. डायोड म्हणजे एकाच बाजूने उघडणारी दारे. एक भरण्याच्या वेळी उघडते, दुसरे रिकामे करण्याच्या वेळी. एवढे चार-पाच डाग दिले आणि मीटर लावले. काटा उणे साडेसहा व्होल्टांच्या आसपास उभा राहिला.

करून पाहणाऱ्यांना एक सूचना. उण्या बाजूच्या कंडेन्सरचा धन पाय शून्याला जोडायचा आणि ऋण पाय उणे दाबाला. सवयीने उलटा लावला तर तो फुगतो आणि फुटतो. शिवाय हा सगळा खेळ बॅटरीवरचा आहे. घरातल्या विजेच्या तारांशी तो खेळू नये.

व्याज चुकत नाही

मामाजी लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, “नऊ देऊन साडेसहाच मिळाले ना? मंग बाकीचे कुठं गेले?”

माणूस हिशेबाचा पक्का. मी सांगितले: ५५५ आपला पाय पूर्ण नवापर्यंत नेत नाही, एक-दीड व्होल्ट तेथेच राहतात. दोन डायोडांची दारेही उघडायला प्रत्येकी अर्धा-पाऊण व्होल्ट दस्तुरी घेतात. शिवाय उण्या बाजूने जेवढा प्रवाह घ्यावा, तेवढा धन बाजूने बॅटरीला द्यावाच लागतो. आणि ५५५ स्वतः काही मिलिअँपिअर खाते ते वेगळेच.

“म्हणजे कर्जच झालं म्हणा!”

“कर्जच. अन् व्याजासकट.”

व्याज कमी करण्याचे उपाय मात्र निघाले आहेत. याच कामासाठी ७६६० क्रमांकाची आठ पायांची आयसी मिळते. तिच्यात डायोडांच्या जागी वेळेवर उघडमीट करणारे स्विच असतात. तिला पाच व्होल्ट आणि दोन कंडेन्सर दिले की जवळजवळ पूर्ण उणे पाच व्होल्ट मिळतात. तिच्या अंगी सुमारे पंचावन्न ओहमांचा अडथळा असतो, म्हणून दहा मिलिअँपिअर ओढले तर अर्धा व्होल्ट घटतो. काट्याच्या यंत्रासाठी ती उत्तम. भजनाचा अँप्लिफायर तिच्यावर चालवू म्हणाल तर नाही. तेथे तारेचे वेटोळे किंवा ट्रान्सफॉर्मरच लागतो. १९८७ मध्ये मॅक्सिम कंपनीने मॅक्स २३२ ही आयसी काढली, तिनेही हीच शिडी वापरली. एकट्या पाच व्होल्टांतून ती अधिक दहा आणि उणे दहा करून देई, आणि संगणकाच्या मागच्या तारेला तेच हवे असे.

आणि ही शिडी नुसती लहान कामांपुरती नाही. केंब्रिजमध्ये १९३२ साली कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी कंडेन्सर आणि एकाच बाजूने वाहू देणारे व्हॉल्व्ह यांच्या अशाच पायऱ्या एकावर एक रचल्या, काही लाख व्होल्ट उभे केले आणि लिथियमचा अणुगर्भ फोडला. १९५१ चे नोबेल पारितोषिक त्या कामाला मिळाले. दुकानातल्या टेबलावर पोराने जोडलेले दोन डायोड हे त्याच घराण्यातले, फार धाकट्या पातीचे!

काटा हलला

उणे साडेसहा व्होल्ट आयसीच्या ऋण पायाला दिले. यंत्र पारखायला बाजारात ठराविक सामूच्या गोळ्या मिळतात. त्या शुद्ध पाण्यात विरघळवल्या की चार, सात आणि नऊ पूर्णांक दोन असे तीन नमुने होतात. तिसऱ्या नमुन्यात नळीने उणे एकशे तीस मिलिव्होल्ट द्यायला हवे. काटा सातावरून निघाला, आठ ओलांडले आणि नवाच्या किंचित पुढे थांबला. पोराने मोठ्याने श्वास सोडला.

मग मामाजींची बाटली. काटा आठ पूर्णांक आठवर गेला आणि तेथेच राहिला. ओलिताच्या पाण्याचा सामू साधारण साडेसहा ते आठ पूर्णांक चारपर्यंत असावा असे मानतात.

मामाजी बराच वेळ काट्याकडे पाहत राहिले. मी त्यांना सांगितले, की नुसत्या सामूवर निकाल लावू नये. पाण्यात क्षार किती, सोडियम किती, हे वेगळे तपासावे लागते आणि ते माती-पाण्याच्या प्रयोगशाळेचे काम. त्यांनी बाटली तिकडे दिली. अहवालातही सोडियम फार निघाले. बँकेचे कागद त्यांनी घडी घालून ठेवले, कलमे सांगितली नाहीत. त्या वर्षी कपाशी आणि हरभराच केला, आणि पुढे पावसाचे गोड पाणी साठवायला शेततळे खोदले. बोअरच्या पाण्यावर संत्रा लावला असता, तर पानांचा पिवळा रंग पाहायला दोन-तीन वर्षे लागली असती. तोवर कर्जाचे हप्ते मात्र नेमाने आले असते.

भाच्याने प्रदर्शनात यंत्र ठेवले, तेव्हा लिंबाशेजारी सोड्याचा पेलाही ठेवला. यंत्र खरे बोलते की नाही हे पाहायचे तर दोन्ही बाजूंनी पाहावे, हे तो आता येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

वाचकहो, शेतीसाठी, औषधासाठी, अभ्यासासाठी हल्ली नाना तऱ्हेची स्वस्त यंत्रे घरोघर येत आहेत. कोणत्याही मोजणाऱ्या यंत्राला विचारण्यासारखा एक प्रश्न आहे: तुझे शून्य कोठे आहे, आणि त्याच्या खालचे तुला दिसते का? वजनाचा काटा असो, ताप पाहण्याचे यंत्र असो, की सामूची नळी. एकाच बाजूचे पाहणाऱ्या यंत्राचे ‘ठीक आहे’ हे उत्तर सर्वांत घातक असते, कारण ते ऐकायला गोड लागते. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशी एखादी वस्तू त्याच्यापुढे ठेवून पाहावी. चमचाभर सोड्याला खर्च तो किती?

आणि उणे व्होल्ट लागलेच तर घाबरू नये. जवळ जेवढे धन आहे, त्यातूनच ऋण निघते. फक्त शिडी उलटी धरायची आणि तिचे व्याज विसरायचे नाही.